कोरडी राहिलेली मिशी

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सुलतानपूरला एसटीतून उतरल्यावर जीपने आत जावं लागतं, एवढंच सांगते. गाव कळलं की माणसं कळायला वेळ लागत नाही, आणि यातल्या एका बाईचं भलं तिचं नाव न कळण्यातच आहे. म्हणून तिचंही नाव मी बदललंय.

मी साताऱ्याची. मुखवटे करते, कागदाचे, मातीचे आणि माणसाच्या चेहऱ्यावरून थेट काढलेले प्लास्टरचे. स्वभावाने भित्री आहे. कुत्रं भुंकलं की रस्ता बदलते, आणि सरकारी कचेरीत शिरताना काही न करताच अपराधी वाटतं. बुलढाण्याच्या एका छोट्या संस्थेतून फोन आला, की गावात 'माणसाने माणसाशी मायेनं वागणं' या विषयावर कार्यशाळा घ्यायची आहे, वेगवेगळ्या कलांमधली माणसं हवी आहेत. मी म्हटलं, आठ दिवस विचार करते. त्याच संध्याकाळी हो म्हणून मोकळी झाले. नाही म्हणायचीही मला भीतीच वाटते.

बुलढाणा

घाट चढून वर आलं की हवा एकदम पालटते. आमच्याकडची थंडी ओलसर. ही कोरडी, ओठ फोडणारी. भर दुपारी कोर्टाबाहेर वकील उन्हात खुर्च्या टाकून बसले होते, आणि टपरीवरच्या चहात आलं इतकं की पहिल्या घोटाला ठसका लागला.

संस्थेच्या खोलीत बाकीचे दोघे भेटले. अन्वर मिरजेचा, ढोलकी वाजवणारा, पन्नाशीचा. जिथे बसेल तिथे झोपतो आणि ताल चुकला की जागा होतो. रेवती नागपूरची, कथक शिकवते. वयाने माझ्याहून बरीच लहान आणि धीटपणात बरीच मोठी. आम्हाला गावात नेणारे कार्यकर्ते गजूभाऊ. त्यांनी सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "गावात नामदेवराव पाटलाचं चालते. समदे आबा म्हणतात. हॉल त्यायनंच देल्ला. त्यायच्याशी जरा जपून."

"जपून म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे जपूनच."

ते 'जपूनच' माझ्या डोक्यात जाऊन बसलं ते परत येईपर्यंत तिथेच होतं.

गावात, पहिला दिवस

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर उभी, हरभरा गुडघ्याच्या खाली, आणि कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या. गावाच्या तोंडाशी आबा स्वतः उभे होते. सत्तरीचे, ताठ, पांढरं धोतर, आणि वरच्या ओठावर अशी मिशी की आधी मिशी दिसावी आणि मग माणूस. टोकं वर वळवलेली. बोलताना ते उजव्या टोकाला अंगठा लावत, आणि ज्याच्याशी बोलत तो माणूस त्या अंगठ्याकडे बघत राही.

"या, या. माया शिकवाले आले म्हंता," ते म्हणाले. "आमच्याकडं लय हाय माया. पाहा तुम्ही."

खोटं नव्हतं ते. दुपारी रोडगे होते. गव्हाचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकायची, फोडून वर तूप ओतायचं. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. आमच्याकडे भाकरी मोडायला जोर लागत नाही. इथे रोडगा फोडताना माझी बोटं दुखली आणि बायका हसल्या. वाढणारी माणसं 'आनखी घ्या' म्हणत नव्हती, थेट पानात टाकत होती.

पंगतीला मात्र एक गोष्ट दिसली. कोणी कोणाला काही सांगितलं नाही, पाट्या लावल्या नव्हत्या; पण बौद्ध वस्तीतल्या सात-आठ बाया आल्या आणि सरळ पलीकडच्या भिंतीशी जाऊन बसल्या. पाणी वाढणारा तिकडे शेवटी गेला. त्यांच्यातल्या एकीशी मी बोलले. तिला सिंधूबाई म्हणते. पंचावन्नच्या आसपासची, विधवा, मुलगा जालन्याला कारखान्यात, नातू तिच्यापाशी. "तीस वर्सं झाले आबाच्या वावरात निंदाले जातो," ती म्हणाली. "मले तं वावरातला दगड बी वळखते."

कार्यशाळेचा पहिला दिवस छान गेला. अन्वरने सगळ्यांना डोळे मिटून शेजारच्याच्या मनगटाची नाडी धरायला लावली आणि एकेकाची नाडी ढोलकीवर वाजवून दाखवली. रेवतीने जोड्या करून एकमेकांच्या बोटाच्या टोकाला टोक लावून चालायला शिकवलं. आबा खुर्चीवरून बघत होते. निघताना मला म्हणाले, "उद्या तुमचं काय हाय?" मी मुखवट्यांचं सांगितलं. "मंग मी बी बसतो," ते म्हणाले, आणि माझी झोप गेली.

दुसरा दिवस

पद्धत अशी. एकाने खुर्चीत डोकं मागे टेकून बसायचं. दुसऱ्याने त्याच्या चेहऱ्याला व्हॅसलीन लावायचं. भुवया, केसांची कड, मिशी यांना भरपूर, कारण केस कोरडे राहिले तर प्लास्टर ते धरतं आणि सोडत नाही. मग हाड मोडल्यावर बांधतात तसल्या प्लास्टरच्या पट्ट्या भिजवून चेहऱ्यावर थरावर थर लावायच्या. डोळे बंद, तोंड बंद, फक्त नाकपुड्या मोकळ्या. पंधरा मिनिटं आपला चेहरा दुसऱ्याच्या हातात. मायेवर भाषण देण्यापेक्षा हे बरं, असं मी नेहमी ऐटीत सांगते.

जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या. आबांनी चिठ्ठी उचलली, चष्मा नव्हता म्हणून गजूभाऊंकडे दिली. गजूभाऊंनी ती वाचली आणि पुन्हा वाचली.

"सिंधूबाई," ते हळूच म्हणाले.

हॉलमध्ये खोकणारी माणसंही थांबली. सिंधूबाई भिंतीला चिकटून म्हणाली, "मी नाही जी. दुसरं कोणी द्या."

"काऊन वं?" आबा म्हणाले. "माहा चेहरा चावते का तुले? ये."

लोक हसले, पण जरा उशिराने. दारात आबांचा पुतण्या गोपाल उभा होता. तिशीचा, हातात मोबाईल. तो हसला नाही.

सिंधूबाईने कपाळाला व्हॅसलीन लावलं ते तवा तापलाय की नाही बघावं तसं, बोट टेकवून उचलत. मग गाल, हनुवटी, भुवया. हळूहळू हात सैल झाला. मिशीपाशी आल्यावर मात्र बोटं थांबली. एकदा डावीकडून वळसा घालून खाली गेली, एकदा उजवीकडून. मिशीला ती शिवली नाही. पाटलाच्या मिशीला हात लावायचा नसतो, हे त्या गावात तिला वेगळं शिकवावं लागलं नव्हतं.

आणि मी तिथेच उभी होते. खोटं कशाला सांगू, मला ते दिसलं. 'मिशीलाही लावा' एवढंच म्हणायचं होतं, नाहीतर स्वतः बोट फिरवायचं. वीस वर्षं हेच काम करतेय. पण गजूभाऊंचं 'जपूनच' आठवलं, गोपालचे डोळे दिसले, आणि मी मनाशी म्हटलं, थोडी चिकटेल, निघेल. आणि पुढच्या जोडीकडे वळले.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. थंडी होती म्हणून सिंधूबाईने चहावालीकडून कढत पाणी मागून आणलं होतं. म्हाताऱ्या माणसाला गार लागू नये म्हणून. गरम पाण्यात प्लास्टर निम्म्या वेळात आवळतं आणि तापतंही जास्त. मी दहा मिनिटांनी परत आले तेव्हा आबांचा चेहरा दगड झाला होता.

कपाळाकडून मुखवटा सुटला. गाल सुटले. ओठापाशी येऊन जो अडकला तो हलेना. मी जरा ओढला तर आबांच्या नाकातून एक आवाज आला, गुरासारखा, आणि त्यांच्या बोटांनी खुर्चीचे हात आवळले. तोंड आतून बंद, बोलता येईना. श्वास वाढला. छाती भात्यासारखी हलायला लागली. या म्हाताऱ्याला इथे काही झालं तर, हा एकच विचार डोक्यात फिरत होता.

रेवतीने लहान पोरं आणि बघ्यांना पटापट बाहेर काढलं. अन्वर ढोलकी घेऊन आबांच्या पायाशी बसला आणि अगदी हळू, एकेक ठोका द्यायला लागला. "आबा, याच्याबरोबर श्वास घ्या. घाई नाही. हा घेतला, हा सोडला." चार-पाच मिनिटांत त्यांचा श्वास ढोलकीच्या तालावर आला.

"आता?" गजूभाऊंनी विचारलं.

"मिशी कापावी लागेल," मी म्हटलं.

दारातून गोपाल आत आला. मोबाईल समोर धरलेलाच होता, व्हिडिओ चालू. "काकाच्या मिशीले कात्री लागली तं पाहून घेईन," तो म्हणाला. माझ्याकडे बघून नाही, सिंधूबाईकडे बघून. पट्ट्या मी आणल्या, खेळ माझा, चूक माझी. पण बघितलं त्याने तिच्याकडे.

कात्री माझ्या हातात होती; ती ओठाजवळ नेली आणि पुन्हा मागे घेतली. सिंधूबाईने कात्री माझ्याकडून घेतली. मग आबांच्या कानाशी वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "आबाजी, मी सिंधू. कापा लागते. कापू का? हाव असंल तं माहा हात दाबा."

तिने डावा हात त्यांच्या तळव्यात ठेवला. काही झालं नाही. ढोलकीचे ठोके मी मोजत होते, सात झाले, आठ झाले. गोपाल एक पाऊल पुढे आला. मग आबांची बोटं मिटली. इतकी घट्ट की सिंधूबाईने ओठ चावला.

तिने कापलं. कपाळाकडून मी मुखवटा उचलून धरला आणि ती खालून, कडेकडेने, नातवाचे केस कापावेत तशी कात्री चालवत गेली. मुखवटा हातात आला तेव्हा आतल्या बाजूला सगळी मिशी होती, टोकांसकट.

आबांचा वरचा ओठ लाल झाला होता, भाजल्यासारखा. मिशीशिवाय ते कोणी दुसरेच वाटत होते, कोणाचेतरी साधे आजोबा. त्यांनी गोपालच्या मोबाईलमध्ये चेहरा पाहिला. ओठावरून एकदा बोट फिरवलं. खांद्यावरचा दुपट्टा तोंडाला गुंडाळला आणि निघून गेले.

"बाप मेल्यावर काढते माणूस मिशी," गजूभाऊ मला बाहेर म्हणाले. "आता जो भेटंल तो इचारंल, कोण गेलं?" नंतर म्हणाले, "आपण जाऊ ताई उद्या. तिले इथंच राहाचं हाय."

दुपारनंतर कार्यशाळेला कोणी आलं नाही. सिंधूबाईही घरी गेली होती. मुखवटा खिडकीत पडून होता आणि त्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं. आम्ही तिघं भिंतीवर लावलेल्या मायेच्या पोस्टरखाली बसून होतो. अन्वरला पहिल्यांदाच झोप लागत नव्हती.

निघायचा दिवस

जीप नऊला येणार होती. मी म्हटलं, सिंधूबाईला भेटल्याशिवाय जाणार नाही. रेवती आणि मी वस्तीत गेलो. तिच्या दाराशी गोपालची मोटारसायकल उभी होती. ती बघून माझे पाय जागीच थांबले. रेवतीने दंडाला धरून पुढे नेलं.

अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर आबा बसले होते, तोंड वर करून. सिंधूबाई वाटीतून कोरफडीचा गर घेऊन त्यांच्या ओठाला लावत होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाजूला नातवाचं दप्तर. गोपाल मोटारसायकलपाशी किल्लीशी चाळा करत उभा होता.

"या, मुखवटेवाल्या बाई," आबा म्हणाले. आवाज खुशीत होता. "दवाखान्यात गेलो असतो तं धा जण इचारतीन. म्हटलं, जिनं कापली तिच्याच हातानं लावून घेऊ औषध. डोणगावले पोरगी देल्ली माही. सकाळीच इवायाचा फोन. कोण गेलं म्हंते, कोणी इडिओ धाडला त्याले. म्या सांगतलं, कोणी गेलं नाही बाप्पा, आमच्या सिंधूबाईनं कापली!" ते हसले आणि ओठ ताणला म्हणून कळवळले. "आता मिशी वाढेलोक रोज येकाले सांगा लागते."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मीही हसले, जरा जास्तच हसले. म्हातारा मोठ्या मनाचा निघाला, आपली कार्यशाळा फुकट गेली नाही, असं सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं. आम्ही नमस्कार केला आणि वळलो.

सिंधूबाई आम्हाला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आली. तिथे तिने माझा हात धरला.

"ताई, त्यायले सांगून पाहा ना. माहं नाव नका घेऊ म्हणा."

"पण ते तर खुशीत आहेत."

"ते हायेत जी खुशीत," ती म्हणाली. "त्यायचे पावनेरावने हायेत का? गोपाल हाय का? मिशी याले चार-सा महिने लागतीन. रोज कोणीतरी इचारंल, आन् रोज ते हासून माहं नाव सांगतीन. आयकणारा समदाच हासते का? मले वावरात येकटीले जा लागते."

जीपचा हॉर्न वाजत होता. मी रेवतीकडे पाहिलं. मी खरंच सांगते, मला जीपमध्ये बसायचं होतं. सातारा गाठायचा होता. पण तिने हात सोडला नव्हता.

मी परत अंगणात गेले. सिंधूबाई मागे आली आणि वाटी उचलून उभी राहिली.

"आबा," मी म्हटलं, "ती चूक यांची नाही. माझी आहे. मिशी कोरडी राहिलीय हे मला दिसलं होतं."

"दिसलं होतं?"

"हो."

"मंग बोलले काऊन नाही?"

"घाबरले."

"कोणाले?"

"तुम्हाला."

आबांचा हात सवयीने ओठाकडे गेला आणि रिकामाच परत आला. त्यांनी सिंधूबाईकडे पाहिलं.

"आन् तू वं? तू बी?"

ती वाटी घेऊन घरात गेली. आतून भांड्याचा आवाजही आला नाही.

"कोणी विचारलं तर माझं नाव सांगा," मी म्हटलं. "साताऱ्याची बाई आली होती, तिने चूक केली, तिनेच मिशी कापली म्हणा. यांचं नाव नको."

"अन् इडिओ?" गोपाल म्हणाला.

"त्यात मुखवटा माझ्याच हातात आहे. कात्री यांच्या हातात दिसली, तर ती मीच दिली होती म्हणा. मी कबूल केलंय म्हणून सांगा."

आबांनी उघड्या दाराकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "नाव काय म्हणले तुमचं?" तीन दिवस आम्ही त्यांच्या गावात होतो, आणि त्यांनी ते पहिल्यांदाच विचारलं. मी सांगितलं, आडनावासकट. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं.

"लिवून घे बे," ते गोपालला म्हणाले. "फोन नंबर बी घे. आन् आयक, आजपासून हेच नाव, डोणगावले बी. दुसरं नाव तोंडातून निघालं तं मले सांग कोण बोललं ते."

गोपालने नंबर विचारला. एकेक आकडा सांगताना माझा आवाज बारीक होत गेला. त्याने तो मोबाईलमध्ये घातला, लगेच एक रिंग देऊन खरा आहे का पाहिलं, आणि माझ्याकडे बघत कट केला.

परत येऊन आता तीन महिने झाले. गजूभाऊंकडून कळतं, की सिंधूबाई वावरात जाते, कोणी काही बोललेलं नाही, आणि आबांची मिशी निम्मी आली आहे. मला मात्र फोन येतात. कधी कोणी नुसतंच नाव विचारतं आणि ठेवून देतं. एकाने शिव्या दिल्या. एका बाईने, बहुतेक डोणगावची, तूच का ती, एवढंच विचारलं. मोबाईलवर अनोळखी नंबर आला की अजून दोन-तीन रिंगा तशाच जाऊ देते. उचलते मात्र.